बहीण दिली, काठ्या घेतल्या

ताईने लग्न केलं तेव्हा ती साठीला टेकली होती आणि तिचा धाकटा भाऊ पन्नाशी ओलांडून बराच पुढे आला होता. ऑफिसात त्याला सगळे ‘पट्टी’ म्हणत. शहराच्या पाणीखात्यात तो नकाशे काढायचा. कुठल्या रस्त्याखालून कुठली लाइन जाते, व्हॉल्व्ह कुठे, जोड कुठे, हे सगळं त्याच्या टेबलावरून जायचं. कॉम्प्युटर आल्यावरही शर्टाच्या खिशातली स्टीलची छोटी पट्टी काही त्याने सोडली नाही, म्हणून पट्टी. घरी मात्र तो अजून ‘छोट्या’ होता, आणि त्याला छोट्या म्हणणारं जगात एकच माणूस उरलं होतं.

आईवडील लवकर गेले. ताईने दवाखान्याच्या लाँड्रीत नोकरी धरली, भावाला शिकवलं. त्याचं मार्गी लागेपर्यंत थांबू म्हणता म्हणता तिचं लग्नाचं वय निघून गेलं, आणि ताई एकटी कशी राहील म्हणता म्हणता त्याचंही. त्यात कोणी कोणावर उपकार केले असं दोघांनाही कधी वाटलं नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत त्यांचं बरं चाललं होतं. संध्याकाळी तो बेल वाजवायचा, ती आतून ओरडायची, “आले, आले, दार तोडू नकोस.” वर्षानुवर्षं हेच.

मग एक दिवस टायरचा एक निवृत्त व्यापारी लाँड्रीच्या खिडकीवर भांडायला आला. हर्नियाच्या ऑपरेशनसाठी तो दवाखान्यात राहिला होता आणि त्याचा रेघारेघांचा पायजमा धुवायला गेला तो परत आलाच नव्हता. ताई तोवर तिथली सुपरवायझर झाली होती.

“इथून रोज ढिगाने चादरी जातात,” तिने सुनावलं, “तुमच्या पायजम्याला काय सोनं लागलंय?”

“सोनं नाही हो, पण बायकोने शिवलेला शेवटचा होता तो,” तो म्हणाला.

ताईने वही पुढे ओढून त्याची तक्रार लिहून घेतली. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला, त्यानंतरही येत राहिला. पायजमा सापडला नाही ते नाहीच, पण वर्ष उलटायच्या आत ताईने कपड्यांच्या घड्या घालता घालता भावाला सांगितलं, “छोट्या, मी एक वेडेपणा करणार आहे.”

“कर की,” तो लगेच म्हणाला. मनापासून म्हणाला. नंतर कितीतरी दिवस त्याला वाटत राहिलं, आपण जरा जास्तच लगेच म्हणालो का?

कचेरीत सह्या झाल्या. तिचं शिवणयंत्र आणि दोन बॅगा त्यानेच खाली नेऊन गाडीत ठेवल्या. भावोजी जाडजूड, मोकळ्या स्वभावाचा, मोठमोठ्याने बोलणारा माणूस. गाडीच्या डिकीतून त्यांनी एक लांबलचक पिशवी ओढून काढली आणि मेव्हण्याच्या खांद्यावर अडकवली. आत गोल्फच्या जुन्या काठ्या होत्या.

“मी नवीन सेट घेतलाय. हा तू ठेव. आता संध्याकाळी तुला काहीतरी लागेलच.”

ऑफिसात ही गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. “पट्टीने सौदा चांगला केला,” शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, “बहीण दिली, काठ्या घेतल्या.” सगळे हसले. पट्टीही हसला.

घरी हसण्यासारखं फारसं नव्हतं. पहिल्याच संध्याकाळी त्याने सवयीने बेल वाजवली आणि दारापुढे उभा राहिला. किल्ली खिशात होती, पण ती कधी वापरलीच नव्हती. कुलपात उलटी घातली, सुलटी घातली, तेव्हा कुठे दार उघडलं. भात नेहमीच्या मापाने लावला गेला आणि रात्री उरला, सकाळी उरला, शेवटी टाकावा लागला. टीव्ही तो मोठ्याने लावायला लागला. एकदा जाहिरातीत कोणीतरी “काय म्हणतोस?” असं विचारलं तर तो “काही नाही” म्हणाला, आणि मग उठून टीव्ही बंद केला. रविवार सगळ्यात वाईट. रविवारी दुपारी त्या घरातलं घड्याळसुद्धा रेंगाळत चालायचं.

काठ्यांची पिशवी पॅसेजमध्ये भिंतीला टेकून होती. जाता येता ती पायात यायची. एका रविवारी तिला पुन्हा बाजूला सरकवण्याऐवजी त्याने ती उचलली आणि बसमध्ये बसला.

शहराच्या कडेला, गोदामं संपतात तिथे, सार्वजनिक गोल्फचं मैदान होतं. शेजारी सरावाची जागा, तिला सगळे रेंज म्हणत. एका ओळीत चटया घातलेल्या, समोर मोकळं गवत, लांब जाळीचं कुंपण. बादलीभर चेंडू विकत घ्यायचे आणि मारत सुटायचे. पट्टीने पिशवीतली सगळ्यात लांब काठी, ड्रायव्हर, बाहेर काढली, चेंडू टीवर, म्हणजे रबराच्या छोट्या खुंटीवर, ठेवला आणि जीव खाऊन मारला. चेंडू थोडा सरळ गेला आणि मग जणू काही आठवल्यासारखा उजवीकडे वळून कुंपणावर आपटला. दुसराही तसाच. तिसरा तर शेजारच्या चटईवरच्या गृहस्थाच्या नाकासमोरून गेला. नंतर नंतर चेंडू तसाच राहायचा आणि टी उडायची.

“कोणावर राग काढताय?”

मागे पालथ्या घातलेल्या बादलीवर एक पिकल्या केसांची बाई बसली होती. फोन तिच्या कानाला होता. “तुम्हाला नाही, यांना म्हणते,” ती फोनवर म्हणाली, “तुम्ही फक्त उद्या येऊन नळ बघा.” फोन ठेवून ती उठली. तिथे शिकवणाऱ्या कोचबाई त्याच. तरुणपणी स्पर्धांत खेळलेल्या, पाठीने दगा दिल्यावर शिकवायला लागलेल्या.

“तुमचा काही दोष नाही, नवशिक्या माणसाचा चेंडू उजवीकडेच पळतो,” त्या म्हणाल्या. “डावा हात दाखवा. हा असा काठीवर थोडा आत वळवा, वरून बघितलं की बोटांचे दोन सांधे दिसले पाहिजेत. चेंडू डाव्या टाचेसमोर. टी थोडी उंच. आणि दातओठ खाणं बंद करा. दातांनी चेंडू लांब जात नाही.”

तो दर रविवारी जायला लागला. कोचबाईंनी त्याला आधी दोन्ही पाय जोडून उभं केलं आणि अर्धीच काठी फिरवायला लावली. जोर केला की तोल जायचा आणि तो पुढे भेलकांडायचा. तोल सांभाळला की जोर आपोआप कमी व्हायचा आणि चेंडू नीट लागायचा. मग पाय रुंद करून पूर्ण फटका. काठी सावकाश मागे न्यायची, पाठ लक्ष्याकडे वळेपर्यंत. खाली येताना खांद्यांनी नाही, कमरेने सुरुवात करायची. चेंडूच्या पलीकडे त्यांनी एक रिकामा पुठ्ठ्याचा खोका ठेवला. “बाहेरून मारायला गेलात तर खोका फुटेल. आतून या.” पहिल्या दिवशी खोक्याचा चेंदामेंदा झाला. कोचबाईंनी शांतपणे दुसरा आणला. त्यांच्याकडे खोक्यांचा साठाच होता.

“साधारण किती अंशात यायचं?” पट्टीने विचारलं. त्याला कोन कळायचे.

“ती खिशातली पट्टी आधी बाहेर ठेवा,” त्या म्हणाल्या.

एका रविवारी ते जमलं. कसं जमलं ते सांगता आलं नसतं. त्याने मारायचं असं ठरवलंच नव्हतं, फक्त काठी फिरवली होती, आणि मध्ये चेंडू आला. आवाजच निराळा झाला. चेंडू उंच गेला, सरळ गेला, लांबवर जाऊन पडला. पट्टी काठी खांद्यावर घेऊन तसाच उभा राहिला आणि मग त्याने मागे वळून बघितलं. कोचबाई फोनवर नळवाल्याशी भांडत होत्या.

“मॅडम, म्हणजे आपण हट्ट सोडला की गोष्टी आपोआप होतात, असंच ना?” त्याने नंतर विचारलं.

“ते मला माहीत नाही,” कोचबाई म्हणाल्या. “मी गोल्फ शिकवते.”

लांबचे फटके सुधारले तशा त्यांनी पटर हातात दिला. हिरवळीवर आल्यावर चेंडू घरंगळवत भोकात घालायची ती आखूड काठी. “हौशी खेळाडू तासभर ड्रायव्हर मारतात आणि पटरला शिवत नाहीत. मग एका फटक्यात अर्धं मैदान पार करतात आणि शेवटच्या चार पावलांत तीन फटके घालवतात. हा सराव घरी करा. डोळे बरोबर चेंडूच्या वर. मनगटं बांधल्यासारखी. झोका खांद्यांचा. आधी वेग शिका, दिशा नंतर. आणि मारल्यावर मान वर करू नका. चेंडू पडल्याचा आवाज कानांनी ऐका.”

घरी सरावाला लांब सरळ जागा एकच होती. ताईच्या खोलीच्या खिडकीपासून दारातून पॅसेजमध्ये, थेट स्वयंपाकघरापर्यंत. मध्ये ताईची खाट येत होती. त्याने दोन दिवस विचार केला, मग पाना आणून खाट सोडवली, फळ्या कपाटामागे उभ्या केल्या, गादी गुंडाळून दोरीने बांधली. बाजारातून हिरव्या गालिच्याचा लांब पट्टा आणून अंथरला आणि टोकाला काचेचा पेला आडवा ठेवला.

आता संध्याकाळी घरी यायला कारण होतं. कपडे बदलायचे आणि सुरू करायचं. डोळे मिटून मारायचं आणि उघडण्याआधी स्वतःला सांगायचं, कमी पडला, जास्त झाला. हळूहळू अंदाज खरे ठरायला लागले. चेंडू गालिच्यावरून सरसरत जायचा, तो मान खाली घालून वाट बघायचा, आणि पेल्यात ‘टिंग’ वाजायचं. कधी कधी एवढाच आवाज त्या घरात संध्याकाळभर असायचा. पेल्याला तो “वा” म्हणायला लागला होता.

अशाच एका संध्याकाळी बेल वाजली. पटर हातात घेऊनच त्याने दार उघडलं. दारात ताई, हातात केकचा डबा.

“अगं, फोन तरी करायचा!”

“माझ्याच घरी यायला फोन कशाला?” ती हसत आत आली आणि हिरव्या पट्ट्यावर पाय पडताच थांबली. “हे काय रे?”

“सराव. भावोजींच्याच काठ्या आहेत, बघ.”

ती पट्ट्यावरून चालत आपल्या खोलीपर्यंत गेली. दारातच उभी राहिली. “माझी खाट?”

“लांबी कमी पडत होती गं. हे बघ, खिडकीपासून धरलं तर सरळ लाइन मिळते. पॅसेजचा उतार थोडा डावीकडे आहे, पण...” ऑफिसात इंजिनियरला पाइपलाइन समजावतात तसा तो समजावत होता. ताई दोरीने बांधलेल्या गादीकडे बघत होती.

“मी लग्न करून गेले, छोट्या. मेले नाही.”

“असं काय बोलतेस? तू इथे राहायला थोडीच येणार होतीस?”

“नव्हतेच येणार,” ती म्हणाली. “तरी पण.”

चहा ठेवतो म्हणाला तर ती नको म्हणाली. हे खाली गाडीत बसलेत, उशीर होईल. केकचा डबा टेबलावर ठेवून ती निघाली. जिन्यावर तिने एकदाही वर बघितलं नाही.

त्याच संध्याकाळी त्याने खाट पुन्हा जोडली. एक बोल्ट सापडेना, तिथे तारेने बांधलं. धुतलेली चादर घातली, उशी ठेवली. आता पट्टा फक्त पॅसेजपुरता उरला, त्यामुळे लांबचे पट, म्हणजे पटरचे फटके, बंद झाले आणि तो रोज आखूडच मारत राहिला. केक बरेच दिवस पुरला. ताईचा फोन आला नाही. त्याने केला तेव्हा ती “बरी आहे, तू जेवलास का?” एवढंच बोलली.

आणि मग भावोजींचा फोन आला. त्याच मैदानावरच्या क्लबात हौशी जोड्यांची स्पर्धा होती, त्यांच्या जोडीदाराचा गुडघा दुखावला होता. “तू सरळ मारतोस म्हणे. कोचबाई सांगत होत्या. मेव्हणे, इज्जतीचा प्रश्न आहे, नाही म्हणू नका!”

स्पर्धेच्या दिवशी हवा कोरडी होती, ऊन बेताचं. प्रत्येक भोकाला जोडीतल्या ज्याचे फटके कमी त्याचाच आकडा धरायचा. समोरची जोडी एका दंतवैद्याची आणि त्याच्या व्याह्याची. ताईही आली होती. क्लबच्या व्हरांड्यात पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. भावाला तिने लांबूनच हात केला.

भावोजींचे फटके त्यांच्या बोलण्यासारखे होते, मोठे आणि कुठेही जाणारे. पट्टीचे त्या मानाने लहान, पण गवताच्या मधोमध. हिरवळीवर लांबचे पट त्याला जमत नव्हते, एक तर चेंडू पार पुढे निघून जायचा नाही तर अर्ध्यात थांबायचा, पण दोन हातांच्या आतला एकही तो सोडत नव्हता. निम्मा खेळ झाला तेव्हा दोन्ही जोड्या बरोबरीत होत्या.

पुढच्या भोकाला आधीचे लोक रेंगाळले होते, म्हणून चौघं थांबले. भावोजी त्याच्याजवळ बाकावर बसले, घाम पुसला.

“तिकडचं मैदान म्हणे समुद्राला लागून आहे. वारा फार. तू आलास की आपण खेळूच.”

“तिकडचं म्हणजे?”

भावोजींचा रुमाल गळ्यापाशीच थांबला. “मुलीच्या गावी रे. आम्ही जातोय ना आता तिकडेच राहायला.” त्याच्या चेहऱ्याकडे बघून ते हळू आवाजात म्हणाले, “ती तुला सांगून आली म्हणाली होती. केक घेऊन आली होती ना, तेव्हा.”

पुढचे लोक हलले होते. दंतवैद्य म्हणाला, “या, तुमची पाळी.”

तो उठला. टी जमिनीत खुपसली, चेंडू ठेवला. हात त्याचे नव्हतेच जणू. डावा हात आत वळला, पाठ वळली, काठी सावकाश वर गेली आणि खाली आली. तो आयुष्यातला सगळ्यात चांगला फटका होता. चेंडू वर गेला, पार वर, आणि उतारावर पडून पुढे घरंगळत राहिला. दंतवैद्याने टाळ्या वाजवल्या. भावोजी “मेव्हणे!” म्हणून ओरडले आणि मग खाली बघत आपली काठी पुसायला लागले. पट्टी काठी खांद्यावर धरून तसाच उभा होता. आनंद होईल म्हणून तो थोडा वेळ थांबला. मग त्याने टी उचलून खिशात घातली.

ते एका फटक्याने हरले.

व्हरांड्यात ताई पिशवी तशीच घट्ट धरून बसली होती. तो तिच्याशेजारच्या खुर्चीवर बसला. भावोजींनी दोघांकडे बघितलं आणि चहा आणतो म्हणून लांबच्या रांगेत जाऊन उभे राहिले.

“कधी निघताय?” त्याने विचारलं.

“पुढच्या महिन्यात.” ती पिशवीच्या बंदाशी चाळा करत होती. “ह्यांच्या मुलीला दुसरं होतंय. तिला कोणी हाताशी नाही. मी सांगणारच होते तुला.”

“हो.”

“खाट बघितली आणि तोंडच उघडेना. म्हटलं, ह्याने तर आपल्याला आधीच बाहेर काढलं, आता काय सांगायचं? मग घरी जाऊन रडले. सोडून जाणारी मी, आणि जागा अडवून ठेवायची तुझी. हा कुठला न्याय?”

“त्याच दिवशी परत जोडली मी ती. एक बोल्ट मिळाला नाही.”

“मूर्ख आहेस,” ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. “देऊन टाक ती कोणाला तरी.”

“बरं.”

“आणि दाराला रात्री आतून कडी लावत जा.”

“लावतो गं.”

भावोजी चहाचे तीन कप सांभाळत आले, तेव्हा दोघं समोरच्या मैदानाकडे बघत होते. चहा गार झाला होता, तरी तिघांनीही तो प्यायला.

ताई गेली. खाट त्याने तळमजल्यावरच्या नर्सला दिली. ती आणि तिचा नवरा येऊन फळ्या खाली घेऊन गेले, तारेने बांधलेली जागा त्याने दाखवून दिली. पट्टा पुन्हा खिडकीपर्यंत अंथरता आला असता. पण बरेच दिवस त्याने तो गुंडाळूनच ठेवला, आणि मग एका संध्याकाळी दुसरं काही करण्यासारखं नव्हतं म्हणून अंथरला.

क्लबात एकट्या लोकांना मॅनेजर एकमेकांशी जोडून देई. कधी एखादा औषधविक्रेता, कधी दुसऱ्या गावाहून कामाला आलेला कोणी. चांगली माणसं असत. मैदानभर हवेबद्दल, गुडघ्यांबद्दल, मुलांबद्दल बोलत, शेवटी हात मिळवत, आणि पुढच्या वेळी नवीन कोणी असे. कोणी आलं नाही तर तो एकटाच खेळे. त्याचा खेळ सुधारत गेला.

“आता तुम्हाला शिकवण्यासारखं माझ्याकडे काही नाही,” कोचबाई एकदा म्हणाल्या.

“तरी आलो तर?”

“तर पैसे घेईन.”

तो जात राहिला. त्या बादलीवर बसून फोनवर बोलत. आता नळाऐवजी छताचं चाललं होतं. मधूनच “मान खाली” म्हणत, आणि ते त्याला म्हणत की फोनवरच्या माणसाला हे नेहमी कळायचं नाही.

एका रविवारी सकाळी तो एकटाच खेळत होता. हिरवळीच्या एका टोकाला त्याचा चेंडू होता, भोक पार दुसऱ्या टोकाला, मध्ये जमिनीला दुहेरी वळण. त्याने सगळीकडून फिरून बघितलं, बुटांखाली उतार चाचपला. एवढ्या लांबून जवळ नेऊन ठेवला तरी पुष्कळ. त्याने मारला आणि मान खाली ठेवली. चेंडू जातोय, जातोय, आणि मग इतका वेळ काहीच नाही की त्याला वाटलं थांबला. तेव्हा तो पडल्याचा आवाज आला.

त्याने मान वर केली. आजूबाजूला बघितलं. लांब एक माणूस यंत्रावर बसून गवत कापत होता. त्याच्या कानांवर आवाज अडवणारी जाड झाकणं होती आणि त्याची पाठ इकडे होती. पट्टी चालत भोकापाशी गेला, चेंडू काढला, शर्टाला पुसला.

दुपारी ताईचा नेहमीचा फोन आला. मागे लहान मूल कुरकुरत होतं.

“काय केलंस आज?”

“खेळायला गेलो होतो. एक लांबचा गेला.”

“कुठे गेला?”

“भोकात गं.”

“मग ते चांगलं ना?”

“चांगलं. फार चांगलं.”

“कोण होतं बरोबर?”

“होते की. तिघंचौघं होतो.”

“टाळ्या वाजवल्या का त्यांनी?”

“वाजवल्या.”

“वाजवणारच,” ती समाधानाने म्हणाली. मूल आता मोठ्याने रडायला लागलं होतं. “ठेवते रे छोट्या, हा काही ऐकत नाही.”

त्याने फोन ठेवला. बूट बाल्कनीत नेऊन उन्हात पालथे ठेवले, तळव्यांना चिकटलेलं गवत काडीने खरवडून काढलं, आणि मळलेले कपडे गोळा करून मशीन लावलं.